पंखा बदलला, बचत कुणाची? वीजबचत योजनांचा हिशेब भरवेलीकरांसाठी

वीजबचतीची योजना आली की भरवेली-बालाघाट भागातून तेच प्रश्न येतात. स्वस्तातला एलईडी घ्यावा का? जुना पंखा चालू असताना नवा बीएलडीसी पंखा घेणे परवडते का? गोंदियाच्या नातेवाइकांचे बिल पंखे बदलल्यावर लगेच उतरले, मग आमचे का उतरले नाही? आणि या योजनांवर सरकार व वीज कंपनी जो पैसा घालते, तो शेवटी आमच्याच दरात येतो का?

चारही प्रश्न रास्त आहेत. यांतल्या बहुतेकांचे उत्तर पंख्याच्या खोक्यावर सापडत नाही, ते तुमच्या बिलावर असते. एकच पंखा, तेवढेच तास आणि तेवढीच वाचलेली वीज असूनही एका घराला महिन्याला पाचशे रुपये वाचतात आणि शेजारच्या घराला एक रुपयाही वाचत नाही. म्हणून योजना चांगली की वाईट हे ठरवण्याआधी आपले घर कोणत्या पायरीवर आहे ते पाहा.

आधी बिल वाचा

भरवेलीला वीज येते ती जबलपूरच्या मध्य प्रदेश पूर्व क्षेत्र विद्युत वितरण कंपनीकडून. दर ठरवतो भोपाळचा मध्य प्रदेश विद्युत नियामक आयोग. बिल हिंदीत असते. त्यावरच्या या गोष्टी शोधून कागदावर उतरवा:

- खपत: महिन्याचा वापर, युनिटमध्ये. एकच महिना पाहू नका, बारा महिन्यांचे आकडे घ्या. एप्रिल ते जून वेगळे काढा.
- दोन रीडिंगमधले दिवस: हे फार कमी लोक पाहतात, आणि पुढे दिसेल की सगळा खेळ इथेच फिरतो.
- ऊर्जा प्रभार आणि स्थिर आकार: दीडशे युनिटच्या वर गेलात की स्थिर आकारही वापरावरून मोजला जातो. दर १५ युनिटांमागे ०.१ किलोवॉट भार धरला जातो.
- शासनाची सब्सिडी: अटल गृह ज्योती योजनेची सवलत मिळाली की नाही, मिळाली तर किती.

अटल गृह ज्योती योजनेचा नियम थोडक्यात असा: महिन्याचा वापर १५० युनिटपर्यंत असेल तर पहिल्या १०० युनिटांसाठी जास्तीत जास्त १०० रुपये, आणि वरच्या ५० युनिटांना नेहमीचा दर. वापर १५० च्या पुढे गेला की त्या महिन्याची सवलत पूर्ण जाते, पहिल्या शंभर युनिटांचीसुद्धा.

गोंदिया किंवा तुमसरचा हिशेब इथे लागू पडत नाही तो याचमुळे. तिकडे महावितरणचे दर आहेत, टप्पे १०० आणि ३०० युनिटांवर बदलतात, आणि दीडशेची ही कडा तिथे नाही. नातेवाइकांचा अनुभव खरा असतो, पण तो त्यांच्या बिलाचा असतो.

एकच पंखा, चार घरे

साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॉट घेतो, बीएलडीसी पंखा सुमारे ३०. फरक ४५ वॉटचा. रोज बारा तास धरले तर महिन्याला १६ युनिट वाचतात. आपल्याकडे वर्षातले नऊ महिने पंखा लागतो असे समजू, आणि नव्या पंख्याची किंमत २,८०० रुपये धरू. दर गणितासाठी गोल केले आहेत: पहिल्या ५० युनिटांना साडेचार रुपये, १५० पर्यंत साडेपाच, त्यापुढे ६.८०. दर दरवर्षी बदलतात, म्हणून तुमच्या बिलावरचे आकडे घालून हेच गणित पुन्हा करा. यात फक्त ऊर्जा प्रभार धरला आहे.

- महिना ९० युनिटचे घर. आधी १०० रुपये, पंखा बदलून वापर ७४ वर आला तरी १०० रुपयेच. घराची बचत शून्य. पण सोळा युनिटांचे ८८ रुपये वाचले खरे, ते सरकारचे. सवलतीचा फरक सरकार भरते, तो तेवढ्याने कमी झाला.
- महिना १३० युनिटचे घर. बिल २६५ वरून १७७ वर. महिना ८८, वर्षाला सुमारे ७९०. पंख्याचे पैसे साडेतीन वर्षांत वसूल.
- महिना १६५ युनिटचे घर. आधी सवलत नाही, बिल ८७७. पंखा बदलल्यावर वापर १४९, सवलत सुरू, बिल सुमारे ३७०. एका महिन्यात पाचशे रुपयांचा फरक, आणि स्थिर आकार उतरतो तो वेगळा. उन्हाळ्याचे चारच महिने असे असतील आणि उरलेले पाच महिने वर सांगितलेले ८८ रुपये वाचत असतील, तरी वर्षाला अडीच हजारांच्या आसपास जातात. पंखा साधारण सव्वा वर्षात फिटतो.
- महिना २४० युनिटचे घर. सवलतीचा संबंध नाही. सोळा युनिट गुणिले ६.८०, महिना १०९, वर्षाला ९८०. तीन वर्षांच्या आत वसूल. स्थिर आकारही एक पायरी उतरू शकतो.

तिसरे घर नीट पाहा. त्याचे पाचशे रुपये वाचले, पण त्यात विजेची खरी बचत साधारण १०७ रुपयांचीच आहे. उरलेले चारशे सरकारच्या खिशातून त्या घराच्या खिशात आले. घराला याने काही फरक पडत नाही, त्यांनी पंखा जरूर बदलावा. पण योजनेचे मूल्यमापन करणाऱ्याने ते चारशे 'वीजबचतीचा फायदा' म्हणून मोजले तर ती चूक ठरेल.

आणि पहिले घर? तिथे मला स्पष्ट बोलायचे आहे. शंभर युनिटच्या आतल्या कुटुंबाला 'वीज वाचवा, पैसे वाचवा' असे सांगून २,८०० रुपयांचा पंखा गळ्यात मारणे योग्य नाही. त्यांचा एक पैसाही वाचत नाही. पण त्याच घरात सरकारने स्वतःच्या खर्चाने पंखा बसवला तर सवलतीत वर्षाला सुमारे ७९० रुपये वाचतात आणि साडेतीन वर्षांत पैसे परत येतात. ज्याच्या खिशात बचत जाते त्याने खर्च उचलावा, एवढेच न्यायाचे मागणे आहे.

याउलट उदाहरण भरवेलीची खाण चालवणाऱ्या मॉयल कंपनीचे. तिने देवास जिल्ह्यातील नागदा हिल्स आणि रातेडी हिल्स इथे मिळून २० मेगावॉटच्या पवनचक्क्या उभारल्या. ती वीजनिर्मिती आहे, बचत नव्हे. पण खर्च आणि फायदा एकाच ताळेबंदात असल्यावर निर्णय किती सरळ होतो हे त्यातून दिसते. घरगुती योजनांमध्ये नेमके हेच नसते.

कडेवरच्या घरांनी काय करावे

तुमचा वापर १५० ते १७० च्या मध्ये रेंगाळत असेल तर तुमच्यासाठी वीजबचतीइतकी फायद्याची दुसरी गुंतवणूक नाही. क्रम असा ठेवा:

1. सगळ्यात जास्त तास चालणारा पंखा आधी बदला. पाहुण्यांच्या खोलीतला नको.
2. घरात अजून पिवळा साठ वॉटचा बल्ब जळत असेल तर तो आजच काढा. नऊ वॉटच्या एलईडीने रोज पाच तासांवर महिन्याला साडेसात युनिट वाचतात.
3. महिन्याच्या विसाव्या दिवशी मीटर वाचा. रोजची सरासरी पाच युनिटच्या वर जात असेल तर उरलेले दहा दिवस तुमच्या हातात आहेत.
4. रीडिंग घेणारा उशिरा आला आणि बिल ३३ दिवसांचे झाले, तर मर्यादाही रोज पाच युनिटच्या हिशेबाने १६५ धरली गेली पाहिजे. तसे झाले नसेल तर तक्रार करा.

बचत स्वतः मोजा

योजनेच्या पत्रकावरचा आकडा हा अंदाज असतो. खरा आकडा तुमच्या मीटरवर आहे. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो, आणि जवळच एका युनिटला किती वेळा लुकलुकतो ते लिहिलेले असते. बऱ्याच मीटरवर हा आकडा ३,२०० असतो. घरातले सगळे बंद करा, फक्त जुना पंखा पूर्ण वेगाने लावा आणि दहा मिनिटे मोजा. पंखा ७५ वॉटचा असेल तर चाळीसच्या आसपास लुकलुक होईल, ३० वॉटच्या पंख्याला सोळा. मुलांना हे काम द्या, आवडीने करतात.

मोजताना एक स्थानिक अडचण लक्षात ठेवा. संध्याकाळी विजेचा दाब (व्होल्टेज) उतरला की साधा पंखा मंद फिरतो आणि वीजही कमी घेतो. बीएलडीसी पंखा कमी दाबातही आपला वेग टिकवतो. म्हणून जिथे दाब कायम कमी असतो तिथे बचत कागदावरच्यापेक्षा कमी भरेल, पण वारा जास्त मिळेल. हा फायदा रुपयांत येत नाही म्हणून सोडून देऊ नका. मे महिन्यात लहान मूल किंवा आजारी माणूस घरात असेल तर तोच मोठा फायदा. इन्व्हर्टर असेल तर बॅटरीही जास्त वेळ पुरते.

योजनेचा दावा कसा तपासावा

एलईडीचे उदाहरण घेऊ. ५ जानेवारी २०१५ रोजी उजाला योजना सुरू झाली. ईईएसएल या सरकारी कंपन्यांच्या भागीदारीतल्या संस्थेने इतकी मोठी एकगठ्ठा खरेदी केली की २०१४ च्या सुरुवातीला ३१० रुपयांना मिळणारा बल्ब २०१६ मध्ये तिला कर सोडून ३८ रुपयांना मिळू लागला. हे मोठे यश आहे आणि ते निःसंकोच मान्य करावे. बाजारातले भावही त्याने खाली आले.

मात्र बचत किती झाली हे काय काढले यावर अवलंबून असते. साठ वॉटचा पिवळा बल्ब काढून एलईडी लावला तर ५१ वॉट वाचले. पण चौदा वॉटचा सीएफएल काढून लावला तर फक्त पाच. आणि जो माणूस योजना नसती तरी दुकानातून एलईडी घेणारच होता, त्याची बचत योजनेच्या खात्यावर घालणे बरोबर नाही. म्हणून कुठल्याही योजनेला हे प्रश्न विचारा:

- जुनी वस्तू परत घेतली जाते का? नाही तर जुना फ्रिज मागच्या खोलीत चालूच राहतो आणि घरात एकाऐवजी दोन होतात.
- बचत मीटरवर मोजली की वाटलेल्या नगांना ठरावीक आकड्याने गुणले?
- किती नग वॉरंटीत बदलून दिले?
- बचत कोणत्या वेळेला होते? संध्याकाळी सात ते दहा वाचलेली युनिट कंपनीला सगळ्यात मोलाची, कारण तेव्हा वीज महाग पडते.
- वाटेतली गळती धरली का? गळती २० टक्के मानली तर घरातली एक युनिट म्हणजे वीजकेंद्रातली सव्वा युनिट. हा फायदा योजनेच्या बाजूने जातो, तो सोडला तर योजनेवर अन्याय होतो.

महाराष्ट्राच्या नियामक आयोगाने २०१० मध्ये अशा योजनांच्या मूल्यमापनासाठी स्वतंत्र नियम केले. ही पद्धत मुळात १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात बसवली गेली, आणि तिचे सार कळायला सोपे आहे: एकच योजना वेगवेगळ्या खिशांतून पाहायची. भाग घेणाऱ्याला काय मिळाले, वीज कंपनीला काय मिळाले, भाग न घेणाऱ्या ग्राहकाच्या दरावर काय परिणाम झाला, आणि सगळ्या समाजाला मिळून फायदा झाला का. पहिल्या प्रश्नावर पास होणारी योजना तिसऱ्यावर नापास होऊ शकते. वाढता दर हा तुमच्या चिंतेचा विषय असेल तर तिसराच प्रश्न लावून धरा.

शेतीपंप: इथे घाई नको

मीटर नसलेल्या शेतीपंपाला आपल्याकडे अश्वशक्तीवर ठोक रक्कम आहे. दहा अश्वशक्तीपर्यंत वर्षाला अश्वशक्तीमागे ७५० रुपये, म्हणजे पाच अश्वशक्तीला ३,७५०. पंप किती युनिट खातो याचा त्याच्याशी संबंध नाही. मग पंचतारांकित पंप स्वतःच्या पैशाने घेतल्यास बिलात काहीच उतरत नाही. बचत पुन्हा सरकारची आणि कंपनीची.

यावर महाराष्ट्राने एक वाट धरून पाहिली. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्यात ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो आणि महावितरण यांनी सुमारे २,२०० पंपांचा पथदर्शी प्रकल्प घेतला. कल्पना अशी की गुंतवणूक तिसऱ्याने करायची, शेतकऱ्याला पंप बदलून मिळायचा आणि वाचलेल्या विजेतून पैसे फेडायचे. धानाच्या आपल्या पट्ट्यात अशी योजना आली तर स्वागत करा, पण लेखी विचारा: पंप जळाला तर किती दिवसांत दुरुस्ती? रोवणीच्या दिवसांत पंप आठवडाभर बंद राहिला तर वाचलेली वीज काय कामाची? पाण्याची धार आधीइतकीच राहील याची हमी कोण देतो?

नवा पंप न घेताही करता येण्यासारखे आहे: तळाचा फूट व्हॉल्व्ह मोठ्या तोंडाचा घ्या, अरुंद नळी आणि नको असलेली वळणे काढा. वीज मोजली नाही गेली तरी त्याच तासांत पाणी जास्त येते.

दुकान, गिरणी, कॉलनी

दुकानाला अटल गृह ज्योतीची सवलत नाही. प्रत्येक युनिट पूर्ण दराने जाते, त्यामुळे घराआधी दुकानातले दिवे आणि पंखे बदला. पिठाची गिरणी किंवा धानाची मिल असेल तर बिलावर पॉवर फॅक्टरचा अधिभार लागतो आहे का ते पाहा. लागत असेल तर योग्य मापाचा कपॅसिटर ही सगळ्यात स्वस्त दुरुस्ती आहे.

खाणीच्या कॉलनीत राहत असाल तर विजेचे पैसे तुम्ही युनिटप्रमाणे देता की नाही, हे आधी पगारपत्रकावरून खात्री करून घ्या. युनिटप्रमाणे देत नसाल तर पंख्याचा खर्च व्यवस्थापनाकडे मागणे रास्त आहे. ते मागणे युनियनमार्फत लेखी करा.

या फसगती टाळा

- दारावर येऊन 'सरकारी योजना' म्हणत आधार क्रमांक किंवा ओटीपी मागणाऱ्याला काहीही देऊ नका. बल्ब विकायला ओटीपी लागत नाही.
- हप्त्यांवर वस्तू घेताना एकूण किती रुपये जाणार ते लिहून घ्या. हप्ते बिलातून कापले जात असतील तर शेवटचा महिना कोणता ते नोंदवा आणि त्यानंतरचे बिल तपासा.
- पावती जपा. वॉरंटीत वस्तू कुठे बदलून मिळेल, बालाघाटमध्ये की जबलपूरला, हे घेतानाच विचारा.
- पंख्याच्या आणि फ्रिजच्या लेबलवर तारे मोजण्याआधी वर्ष पाहा. मापदंड वेळोवेळी कडक होतात, जुन्या वर्षाचे पाच तारे आजचे तीन असू शकतात. छताच्या पंख्यांना जानेवारी २०२३ पासून लेबल सक्तीचे आहे. लेबल नसलेला नवा पंखा घेऊ नका.

तुमचे हक्क

बिलात सवलत चुकली, दिवस चुकले किंवा नको असलेला हप्ता लागला, तर आधी १९१२ वर तक्रार नोंदवा आणि क्रमांक लिहून ठेवा. दाद मिळाली नाही तर विद्युत ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि तिथून भोपाळच्या विद्युत लोकपालाकडे जाता येते. हा हक्क विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ४२ ने दिलेला आहे. नवा पंखा लावूनही मीटर जास्त दाखवत असेल, तर ग्राहक हक्क नियमांत २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार तक्रारीपासून पाच दिवसांत पडताळणीचा दुसरा मीटर बसवावा लागतो, आणि तो किमान तीन महिने ठेवून वापर तपासला जातो.

दर वाढवण्याची याचिका कंपनी आयोगाकडे करते तेव्हा तिला वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते, आणि कलम ६४ प्रमाणे लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊनच आयोग निर्णय देतो. साधारण हिवाळ्यात ही सूचना येते. हरकत साध्या कागदावर, हिंदीत, एका पानातही चालते. त्यात एवढेच मागा: बचत योजनांवर किती खर्च दाखवला आहे, बचत कशी मोजली, आणि शंभर युनिटच्या आतल्या घरांसाठी पंख्यांचा खर्च सवलतीच्या बचतीतून का करत नाही.

पंचायतीचे रस्त्यावरचे दिवे हा आणखी एक लावून धरण्यासारखा विषय आहे. एलईडी दिवे बसवणारा ठेकेदार काही वर्षे देखभाल करतो आणि पंचायत त्याला हप्ते देते. ग्रामसभेत करार मागून वाचा. दिवा बंद पडल्यावर किती तासांत बदलायचा, न बदलल्यास हप्त्यातून किती कपात, आणि दिवे बसवण्याआधीचे व नंतरचे वर्षभराचे वीजबिल किती, या तीन आकड्यांची नोंद कार्यवृत्तात करून घ्या. उत्तर मिळाले नाही तर दहा रुपयांच्या शुल्कासह माहिती अधिकाराचा अर्ज करा. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे, आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला हे शुल्कही लागत नाही.